मुद्देमाल : एक गोधडी

घरात चोरी झाल्यावर आधी काय करावं, याबद्दल नारायण पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत आजही दोन मतं आहेत. पोलिसांचं म्हणणं, कशालाही हात लावू नये. हेमाताईंचं म्हणणं, आधी केर काढावा.

त्या रविवारी हेमाताई, त्यांचा मुलगा केयूर, सून ऋचा आणि अडीच वर्षांची नात वल्लरी अशी चौघं लोणी काळभोरला एका साखरपुड्याला गेली होती. संध्याकाळी चहा घेऊन निघायचं ठरलं होतं. पण दुपारी दोनला वल्लरीने गोधडी मागितली, आणि गोधडी घरी राहिली होती. सव्वादोनला मुलीकडचे अस्वस्थ झाले. अडीचला मुलाकडचे. तीन वाजता यजमानांनी स्वतः यांच्या चपला शोधून दिल्या.

त्या गोधडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे ते पोलिसांनाही सांगावं लागलं. ती ऋचाच्या आईने साताऱ्याहून बारशाला शिवून आणली होती. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे, एका फेट्याचे असे नऊ तुकडे, आणि खाली निळं अस्तर. वल्लरी ती कधी पांघरत नसे. एक कोपरा गालाखाली, दुसरा नाकाशी, आणि चार मिनिटांत मुलगी गाढ. दोन ते चार. घरातलं घड्याळ एक वेळ मागे पडेल, पण यात फरक नाही.

ते दोन तास ऋचाचे होते. त्या वेळात ती कुणाची सून नसे, बायको नसे, आणि खरं सांगायचं तर आईसुद्धा फारशी नसे. चहा गरम असतानाच प्यायची. पुस्तक उघडायची, आणि कधी कधी त्याचं पानही उलटायची. बाकीचे बावीस तास ज्याला हवे त्याने घ्यावेत, तिची तक्रार नव्हती.

आणि त्या रविवारी सकाळी हेमाताईंनी गोधडी धुतली होती. "साखरपुड्याला हे लक्तर न्यायचं? लोक काय म्हणतील! आणि सवय कधीतरी मोडायला हवीच," असं म्हणून त्यांनी ती साबणात बुडवली आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकली. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईंशी वाद घालायचा तर रजा काढून घालावा लागतो. ऋचाने घातला नाही.

साडेचारला ते घरी पोचले तेव्हा कुलूप कडीला लोंबत होतं आणि दार अर्धवट उघडं होतं.

चोराने भरदुपारी काम केलं होतं, आणि निवांतपणे. कपाटं उघडी, गाद्या उलट्या, साड्यांचा ढीग पलंगावर. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये होतं, त्यामुळे चोराची निराशा झाली असणार. तो मिक्सर घेऊन गेला होता, पण चटणीचं भांडं ठेवून. देवघरातलं चांदीचं निरांजन, दोन तांब्याच्या घागरी, पितळी डबा, केयूरचा टॅबलेट. केयूरला कंपनीने गेल्या वर्षी दिलेली चषकासारखी वस्तूही त्याने कपाटातून बाहेर काढली होती. बुडाशी किल्लीने ओरखडा काढून धातू तपासला होता, आणि मग ती सोफ्यावर ठेवून दिली होती. केयूर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"निदान न्यायची तरी," तो म्हणाला.

ऋचा गॅलरीत धावली. दोरीवर दोन चिमटे होते. मधे काही नव्हतं.

"घागरी वाजू नयेत म्हणून गुंडाळायला नेली असेल," हेमाताई मागून हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू झालेला घरात प्रथमच कुणी ऐकला.

केयूरने पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं, "कशालाही हात लावू नका. तासाभरात माणूस पाठवतो."

"तासाभरात?" हेमाताईंचा आवाज जागेवर आला. "पोलीस येणार? या घरात? असल्या?"

"आई, हे आपण नाही केलेलं. चोराने केलंय."

"सगळं?" हेमाताईंनी विचारलं.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. गाद्या चोराने उलटल्या होत्या, मान्य. पण दिवाणखान्यातले ठोकळे वल्लरीचे होते. खुर्चीवरचा कपड्यांचा डोंगर केयूरचा. तो दिवाळीपासून तिथे होता. ओट्यावरची सकाळची पोह्यांची कढई ऋचाची. पोलिसाला यातलं काय कुणाचं ते कसं कळणार? तो सगळंच चोराच्या नावावर लिहील, किंवा, देव न करो, सगळंच घराच्या नावावर.

म्हणून ठरलं की फक्त आपला पसारा आवरायचा. चोराचा तसाच ठेवायचा.

सुरुवातीची दहा मिनिटं हे तत्त्व पाळलं गेलं. पण केयूरच्या कपड्यांखाली एक चोराने टाकलेली साडी निघाली. तिची घडी घालावीच लागली. मग तिच्या शेजारणीची. उलटी गादी सुलटी केल्याशिवाय खालचा ठोकळा मिळेना. एकदा केर काढायला घेतला की कोपरे सोडता येत नाहीत, हे हेमाताईंच्या हाताला बत्तीस वर्षांचं वळण. तास संपला तेव्हा कपाटांची दारं ओल्या फडक्याने पुसून झाली होती, मुठी लखलखत होत्या, देवापाशी दिवा लागला होता आणि नव्याने पोहे टाकले होते. ऋचानेही हात लावला होता. कारण हात थांबला की ते दोन चिमटे डोळ्यांपुढे येत होते.

हवालदार ज्ञानदेव आले. दारातच त्यांना बूट काढायला सांगण्यात आलं. ते मोज्यांवर आत आले, चारी खोल्या फिरले, आणि परत येऊन म्हणाले, "चोरी कुठल्या मजल्यावर झालीय?"

"इथेच," केयूर म्हणाला.

"इथं?" ज्ञानदेवांनी फरशीत आपलं प्रतिबिंब पाहिलं. "चोर आवरून गेला का?"

"आम्ही जरा..." ऋचा म्हणाली.

"जरा?" त्यांनी खिशातलं पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. "मावशी, आता पंचनामा कशाचा करू? स्वच्छतेचा?"

"मावशी नाही. बाई म्हणा," हेमाताई म्हणाल्या. "आणि पोहे घ्या, गार होतील."

पोहे खाताना ज्ञानदेवांनी मार्ग सुचवला. ते मूळचे गावाकडचे, स्वभावाने मऊ. "वस्तू हरवल्या म्हणून अर्ज देऊन टाका. लगेच पोच मिळंल. चोरीचं लई लफडं हाय. ठसे घेणारे उद्या अकराला येतील, त्यांना काय दाखवणार? होतं तसं असतं तर गोष्ट निराळी."

"हरवलं?" हेमाताई ताठ झाल्या. "माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत. चोरीला गेल्यात."

ज्ञानदेव गेले आणि दिगंबरकाका आले. समोरच्या दारातले दिगंबरकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. तेव्हापासून त्यांच्याकडे सल्ल्याचा साठा वाढतच होता आणि विसर्ग कमी पडत होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "काय म्हणाला तो? होतं तसं असतं तर? मग करू या होतं तसं!"

"म्हणजे?"

"सोपं आहे, सूनबाई. चोराच्या मनात शिरायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळे चोराच्या मनात शिरायला जमले. काका मधोमध उभे राहून सूचना देत होते. "कपाट उघडा. नाही नाही, घाईत! चोर असं हळू उघडतो का?" त्यांनी स्वतः तीनदा उघडून दाखवलं. हेमाताईंकडे साड्या फेकायचं काम होतं. त्यांनी आधी पलंगावर स्वच्छ चादर अंथरली, तिच्यावर एकेक घडी ठेवली, आणि काठ दुमडला तर नाही ना, ते पाहिलं.

"अहो हेमाताई, फेका!"

"इस्त्रीची आहे."

"चोराला काय त्याचं?"

"चोराने नेसायची नाहीये, मला नेसायचीये."

घरात या विषयातली खरी जाणकार एकटी वल्लरी होती. तिला परवानगी आहे हे तिला प्रथम पटेना. पटल्यावर मात्र तिने पाच मिनिटांत डाळींचे तीन डबे आणि आजीचा औषधांचा खोका असा काही लावून दिला, की काका म्हणाले, "याला म्हणतात निरीक्षण!"

अकराला ठसे घेणाऱ्या बाई आल्या. त्यांनी कपाटांवर पावडर मारली, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. ठसे भरपूर होते. घरच्यांचे होते, आणि बाकी सगळीकडे, प्रत्येक दारावर, प्रत्येक खणावर, दाहीच्या दाही बोटांचे ठळक ठसे एकाच माणसाचे.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

दिगंबरकाकांना त्या दुपारी चौकीत जाऊन शाईत बोटं बुडवून यावी लागली. सदतीस वर्षांच्या सरकारी सेवेत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुणालाच सल्ला दिला नाही, आणि इमारतीला त्यांची खरोखर काळजी वाटू लागली.

ज्ञानदेवांनी शेवटी त्याच दुपारी चौकीत फिर्याद लिहून घेतली. 'फिर्यादीने घर प्रथम आवरल्याने व नंतर विसकटल्याने' असं एक वाक्य तीत आहे. ते वाचून केयूरचे कान लाल झाले. मग यादी सुरू झाली. मिक्सर. निरांजन. घागरी नग दोन. पितळी डबा. टॅबलेट.

"आणि गोधडी," ऋचा म्हणाली.

ज्ञानदेवांनी पेन थांबवलं. "ताई, गोधडी कुणी लिवत न्हाई."

"चोरीला गेलीये ना?"

"गेली असंल. पण त्यात चोरण्यासारखं काय हाय?"

"ते चोराला विचारा. तुम्ही लिहा." ऋचा आयुष्यात प्रथमच कुणाशी तरी असं बोलली होती. आदल्या दिवशी वल्लरी झोपली नव्हती. आज झोपणार नव्हती. आणि ऋचाच्या डोळ्यांपुढे पुढल्या सगळ्या दुपारी रांगेने उभ्या होत्या. "पहिला तुकडा हिरव्या नऊवारीचा, काठ तांबडा. दुसरा पांढऱ्या सदऱ्याचा, त्यावर एका गुंडीचं काज आहे. तिसरा फेट्याचा, केशरी. चौथा..."

घागरींना एक ओळ मिळाली, गोधडीला पाऊण पान. केयूर सगळा वेळ भिंतीवरच्या हरवलेल्या माणसांचे फोटो बघत राहिला.

पुढचे सहा दिवस त्या घरात दुपारी कुणी झोपलं नाही. वल्लरी दोनला गोधडी मागायची, अडीचपर्यंत रडायची, आणि मग चारपर्यंत ऋचाच्या खांद्यावर घर फिरायची. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपाय येत होते. पायाला तेल लावा. गोष्ट सांगा. गोष्ट सांगू नका, डोकं जागं राहतं. एकाने झोपेवरचं आपल्या भाच्याचं शिबिर सुचवलं. बाजारातून एक नवी गोधडी आली, तिच्यावर हत्ती होते. वल्लरीने हत्ती मोजले आणि ती जास्तच जागी झाली.

चौथ्या दिवशी हेमाताईंनी शिवणयंत्रावरचं झाकण काढलं. दार लोटून घेतलं. दुपारभर यंत्राचा आवाज येत राहिला. ऋचा डोकावली तेव्हा त्यांच्या मांडीवर त्यांची स्वतःची हिरवी इरकल होती, निवृत्तीच्या समारंभात नेसलेली, आणि कात्री तिच्यातून अर्ध्यापर्यंत गेलेली होती.

"आई! ही कशाला?"

"हिरवा असाच होता ना?" हेमाताईंनी वर पाहिलं नाही. "धुवायला नको होती मी."

ऋचाने मग दुसरं टोक धरलं. नऊ तुकडे झाले, निळं अस्तर लागलं. वल्लरीने ती नवी गोधडी हातात घेतली, कोपरा नाकाशी नेला, विचार केला, आणि नीट घडी घालायचा प्रयत्न करून हेमाताईंच्या मांडीवर ठेवली.

"ही आजीची," ती म्हणाली. "तू झोप."

हेमाताई त्या दुपारी खरंच ती घेऊन आडव्या झाल्या. भिंतीकडे तोंड करून.

त्या संध्याकाळी ऋचाने वल्लरीचा गोधडीसकट एक जुना फोटो शोधला, खाली लिहिलं, 'ही गोधडी दिसल्यास कळवा. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल', आणि माहीत होते तेवढ्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. निरांजनासाठी पुण्यात कुणी बोट हलवलं नसतं. पण अडीच वर्षांच्या मुलीची गोधडी! तो फोटो भिशीच्या, योगासनांच्या, भजनाच्या ग्रुपांतून फिरत फिरत दुसऱ्या दिवशी कसबा पेठेत पोचला. तिथे संपतराव तांबट दुकानात बसले होते आणि त्यांच्यासमोर एक माणूस मोडीत घालायला दोन घागरी घेऊन उभा होता. घागरी गोधडीत गुंडाळलेल्या होत्या. संपतरावांच्या बायकोने आतून मोबाईल बघितला, बाहेर गोधडी बघितली, पुन्हा मोबाईल बघितला.

"बसा ना," ती त्या माणसाला म्हणाली. "चहा टाकलाय."

बिचारा बसला. चोर बाहेरगावचा असावा. पुण्यात भरदुपारी, ओळख नसताना, आपणहून कुणी चहा विचारला, की समजावं काहीतरी गडबड आहे.

बरोबर सातव्या दिवशी दुपारी पाऊण वाजता चौकीतून फोन आला, की ओळख पटवायला या. केयूर ऑफिसात, हेमाताई दाताच्या डॉक्टरांकडे. ऋचा वल्लरीला घेऊनच निघाली. सही, नोंद, दुसरी सही होता होता दोन वाजले, तेव्हा कुठे ज्ञानदेवांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. ऋचाने तोंड उघडण्याच्या आत वल्लरी बाकावर चढली, तिने गोधडी ओढली, कोपरा गालाखाली घेतला, दुसरा नाकाशी नेला. चार मिनिटं.

"ओळख पटली," ज्ञानदेवांनी वहीत लिहिलं. मग म्हणाले, "आता सोडवा."

"काय सोडवा?"

"गोधडी. ताई, ती आता मुद्देमाल हाय. कोर्टाचा आदेश आल्याबिगर देता येत न्हाई. घागरींसंगतीच सोडवायची."

"कधी येईल आदेश?"

"अर्ज करा. दोन आठवडे धरा."

ऋचाने वल्लरीकडे पाहिलं. ज्ञानदेवांनीही पाहिलं. त्यांनी एकदा हात पुढे केला. पण मुठीत धरलेला कोपरा त्यांना सुटेना, की त्यांनी फारसा सोडवला नाही, कोण जाणे. "खरं तर सील लावून ठेवायला पायजे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण लाख संपलीय. मागणीपत्र गेलंय." आणि त्यांनी उठून वायरलेसचा आवाज बारीक केला.

चारला वल्लरी उठली, शहाण्यासारखी घरी आली. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला दोघी पुन्हा चौकीच्या दारात.

"काय झालं, ताई?"

"ओळख पटवायचीये."

"काल पटली की."

"मला त्या हिरव्या तुकड्याबद्दल जरा शंका आहे," ऋचा म्हणाली.

ज्ञानदेवांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावर डोळे चोळणाऱ्या वल्लरीकडे. आतून गोधडी आणली. वहीत लिहिलं, 'फिर्यादी यांनी मुद्देमालाची पाहणी केली.'

त्यानंतर रोज शंका येत गेली. बुधवारी सदऱ्याच्या तुकड्याची, गुरुवारी फेट्याच्या. पाहणीला बरोबर दोन तास लागत. पंख्याखालचा बाक वल्लरीचा झाला. चहावाला ग्लास खिडकीत ठेवी, आवाज न करता. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऋचा तो गरम असताना प्यायची आणि पुस्तक वाचायची. तिला एक शोध लागला होता. सगळ्या पुणे शहरात ही एकच जागा अशी होती, जिथे शेजारीपाजारी कारण नसताना डोकावत नाहीत. बेल वाजत नाही. कुकर नाही. इथे तिला कुणी एकही सल्ला दिला नव्हता. आठ दिवसांत तिचं बहुतेक पुस्तक झालं. त्याआधीची चार पानं तिला दोन वर्षं पुरली होती.

एकदाच शांतता मोडली. दिगंबरकाका धीर एकवटून आले होते. इमारतीच्या दारात कुणीतरी गाडी लावत होतं. "हवालदार!" ते उंबऱ्यातूनच गरजले. "मी एक जबाबदार नागरिक..."

"ओ काका, हळू!" ज्ञानदेव ओठांवर बोट ठेवून उठले. "मुद्देमाल झोपलाय."

काकांनी आत पाहिलं. मग चपला हातात घेऊन आले, आणि उरलेली तक्रार त्यांनी कुजबुजत सांगितली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ती तीन वाक्यांत संपली.

नवव्या तुकड्याच्या दिवशी, तीनच्या सुमाराला, कोर्टातून कागद आला. ज्ञानदेवांनी तो वाचला, चष्मा काढला आणि खुर्चीपाशी आले.

"ताई, आदेश आला. आजच घेऊन जा. सही करा म्हंजे झालं."

ऋचाने कागद घेतला. किती दिवस तिने याची वाट पाहिली होती! बाकावर वल्लरी झोपली होती, गालावर गोधडीच्या शिवणीची रेघ उमटली होती. खिडकीत चहा होता, अजून वाफाळता. मांडीवरचं पुस्तक पुरं व्हायला चाळीसेक पानं उरली होती. घरी या वेळी आई भाजी निवडत असतील, ग्रुपवर 'गोधडी आली का?' म्हणून सतरा जण विचारत असतील, आणि आली म्हटल्यावर ती पाहायला सतरा जण येतील.

"आजच न्यायला हवी का?" तिने विचारलं. आपलाच प्रश्न ऐकून ती लाजली. "म्हणजे... तुकडे आता सगळे बघून झालेत, ते खरंय."

ज्ञानदेवांनी तिच्या हातून कागद परत घेतला. त्यांनी कागदाची घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवली, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुकडे झाले, ताई," ते गंभीरपणे म्हणाले. "पण अस्तराची पाहणी अजून राहिलीच हाय की."